गिरणगावातील कामाची वाटणी : मुंबईच्या कापड गिरण्यांतील स्त्री-पुरुष कामगार, १९१८ ते १९३९

पहिले महायुद्ध संपले तेव्हा मुंबईत ऐंशीच्या वर कापड गिरण्या चालू होत्या. पुढच्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांतील कामगारांची संख्या दीड लाखाच्या घरात पोहोचली. भायखळ्यापासून परळ, लालबाग, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड ते वरळीपर्यंतच्या पट्ट्यात ही माणसे राहत, आणि त्यांचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चाले. या दीड लाखांपैकी साधारण पाचवा हिस्सा, म्हणजे तीस हजारांच्या आसपास, स्त्रिया होत्या. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारास हे प्रमाण शेकडा १५ च्या जवळपास उतरले होते. हा अभ्यास या घसरणीचा आहे. गिरणीतली कोणती कामे पुरुषांची आणि कोणती बायकांची, ती वाटणी कशी ठरली, आणि वीस वर्षांत बायकांच्या वाट्याचेच काम का आटले, हे येथे पाहायचे आहे. गिरणी कामगारांच्या इतिहासात संप आणि पुढारी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण खात्याखात्यांतून बायका कशा कमी होत गेल्या हे सांगितल्याशिवाय तो इतिहास अर्धा राहतो, असे मला वाटते.

खात्यांची रचना

कापसाच्या गाठी फोडण्यापासून कापडाचा तागा बाहेर पडेपर्यंत गिरणीत अनेक खाती असत. ब्लो रूम आणि कार्डिंगमध्ये कापूस पिंजून त्याचा पेळू होई, त्रासन खात्यात रिंग फ्रेमवर सूत कातले जाई, वाइंडिंगमध्ये ते मोठ्या बाबिणींवर गुंडाळले जाई, मग ताणा, खळ आणि अखेर साचेखाते, म्हणजे साच्यांवरचे (यांत्रिक मागांवरचे) विणकाम. त्रासन खात्यात प्रामुख्याने पुरुष आणि भरलेल्या बाबिणी काढणारी पोरे असत. साचेखाते तर पूर्णपणे पुरुषांचे होते. बायका मुख्यतः दोनच खात्यांत सापडत : वाइंडिंग आणि रीलिंग. याखेरीज झाडलोट करणाऱ्या आणि वाया गेलेल्या कापसातून कामाचा कापूस निवडणाऱ्या काही बायका असत.

रीलिंगचे काम जरा जवळून पाहण्यासारखे आहे. कातलेले सूत बाबिणीवर असते, पण हातमागवाल्याला आणि दूरच्या बाजारपेठेला ते लडीच्या रूपात हवे असते. त्यासाठी रीळ नावाच्या चौकटीवर अनेक बाबिणींचे धागे एकाच वेळी गुंडाळले जात. रिळाचा घेर दीड यार्डाचा. ऐंशी फेऱ्यांत १२० यार्डांची एक ली, आणि अशा सात लींची मिळून ८४० यार्डांची एक लड. वीस नंबरच्या सुताच्या वीस लडी भरल्या की एक पौंड होई, आणि दहा पौंडांचा गठ्ठा बांधायचा तर दोनशे लडी उतरवाव्या लागत. काम करणाऱ्या बाईची नजर सतत सगळ्या धाग्यांवर फिरत असे. एखादा तुटला की रीळ थांबवायचे, टोक शोधायचे, बोटांनी गाठ मारायची, पुन्हा चालू करायचे. मजुरी नगावर मिळे, त्यामुळे कच्च्या सुताची बाबीण वाट्याला आली तर धागे जास्त तुटत आणि दिवसाची कमाई घटे. त्या कच्चेपणाला जबाबदार मात्र कातणीचे खाते असे. ओझे उचलण्याचे काम येथे फारसे नसे. हवी होती ती चपळ बोटे, न हलणारे लक्ष आणि दिवसभर उभे राहण्याची तयारी.

या कौशल्याला मोल मात्र मिळाले नाही. सरकारने १९२१ साली मुंबईत लेबर ऑफिस सुरू केले आणि त्या दशकात गिरण्यांतील वेतनाची पद्धतशीर पाहणी होऊ लागली. दोन साचे चालवणाऱ्या विणकराच्या महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापर्यंतही रीलिंगवालीची कमाई जात नाही, हे त्या पाहण्यांतून उघड झाले. गिरणीमालक आणि पुष्कळसे कामगार पुढारीही याचे कारण देताना बाईची कमाई ही संसाराला लागणारा जोड आहे, मुख्य कमाई पुरुषाची, असे धरून चालत. प्रत्यक्षात या खात्यांत विधवा आणि नवऱ्याने टाकलेल्या बायका मोठ्या संख्येने होत्या, आणि त्यांच्या घरात जोड देण्यासाठी दुसरी कमाईच नव्हती.

वाटणी कशामुळे?

साचे चालवणे बाईला झेपणार नाही, कातणीच्या यंत्रावर तिचा निभाव लागणार नाही, असे त्या काळी सहज म्हटले जाई. त्याच वर्षांत लँकेशायरच्या गिरण्यांत बहुसंख्य विणकर स्त्रिया होत्या आणि त्यांतल्या कितीतरी जणी चार-चार माग सांभाळत होत्या. जपानमध्ये, ज्या देशाच्या कापडाने मुंबईच्या मालकांची झोप उडवली होती, रिंग फ्रेमवर प्रामुख्याने खेड्यांतून आणलेल्या तरुण मुली काम करीत. म्हणजे जे यंत्र ओसाकात मुलगी चालवत होती, तेच परळला पुरुषाचे यंत्र मानले जात होते. तेव्हा या वाटणीचे कारण यंत्रात किंवा शरीरात शोधून उपयोग नाही. ते मुंबईतल्या भरतीत, कायद्यात आणि घरांत शोधावे लागते.

साचेखात्याचे उदाहरण आणखी एका बाजूने बोलके आहे, कारण तेथून वगळल्या गेलेल्यांत फक्त स्त्रिया नव्हत्या. धोट्यात, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनात, नवी कांडी भरली की धाग्याचे टोक धोट्याच्या छिद्रातून बाहेर काढावे लागे, आणि ते झटपट व्हावे म्हणून विणकर छिद्राला ओठ लावून धागा श्वासाने ओढून घेत. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगाराने ओठ लावलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते, आणि एवढ्या कारणावरून गिरण्यांतल्या सर्वांत चांगल्या पगाराचे खाते दलित कामगारांना बंद राहिले. त्यांचे प्रमाण एकूण कामगारांत साधारण आठवा हिस्सा होते आणि ते मोठ्या संख्येने त्रासन खात्यात काम करीत. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे लावून धरला. मागण्यांत तो आणायला हे पुढारी नाखूषच होते. भांडवलदाराविरुद्ध एकजूट मागणाऱ्यांना कामगारांमधली ही भिंत दिसत असूनही तिच्याविषयी बोलणे अवघड वाटावे, ही गोष्ट आजही वाचताना बोचते.

जॉबर, नायकीण आणि गेटावरची भरती

गिरणीत माणूस लावण्याचे काम कचेरीतला मॅनेजर करीत नसे. ते जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हाती होते. जॉबर हाच खात्याचा देखरेख्या, यंत्राची किरकोळ दुरुस्ती करणारा आणि माणसे आणणारा. नोकरी लावून देण्याबद्दल आणि ती टिकवून ठेवण्याबद्दल तो दस्तुरी, म्हणजे कामगाराकडून पैसे, घेई. तो आपल्या गावचा, आपल्या जातीचा, आपल्या चाळीतला माणूस आधी पाही. १९११ च्या सुमारास गिरणी कामगारांतले निम्म्याच्या घरातले लोक एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते. पुढे त्यांचा वाटा कमी झाला आणि सातारा, पुण्याचा घाटमाथा आणि उत्तर हिंदुस्थानातून आलेले कामगार वाढले, पण गावाच्या ओळखीने कामाला लागण्याची रीत तीच राहिली. ही ओळखीची साखळी तालीम, खानावळ आणि भजनी मंडळ यांतून जाई, आणि ही सगळी पुरुषांची ठिकाणे होती.

बायकांच्या खात्यांत जॉबरच्या जागी नायकीण असे. नायकिणीचा अधिकार जॉबरसारखाच होता आणि दस्तुरीही तशीच चाले. फरक पुढे पडे. हुशार पुरुष पोरसवदा वयात बाबिणी काढायला लागला की पुढे रिंग फ्रेमची एक बाजू सांभाळणारा, मग कदाचित जॉबर, अशी त्याची वाट होती. बाईला वाइंडिंगमधून नायकीण होण्यापलीकडे पायरीच नव्हती. ज्या खात्यात ती शिरली त्याच खात्यात ती म्हातारी होई, आणि खाते बंद पडले तर दुसऱ्या खात्यात तिच्यासाठी शब्द टाकणारे कोणी नसे.

कायम कामगारांच्या भोवती बदलीवाल्यांचा मोठा घोळका असे. रोज सकाळी गेटावर जमायचे, कोणाचा खाडा पडला तर जॉबर बोट दाखवील त्याने आत जायचे. १९३५ साली गिरणी मालक संघाने बदली कामगारांची नोंद करून त्यांना कार्डे देण्याची पद्धत सुरू केली, ती जॉबरच्या मनमानीला आळा घालण्यासाठी. त्याआधी, १९२९ साली नेमलेल्या आणि व्हिटली कमिशन म्हणून ओळखल्या गेलेल्या मजूर आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून लेबर ऑफिसरकडे द्यावा, अशी शिफारस केली होती. सुधारणा चांगलीच होती. पण ती आली तोवर बायकांच्या खात्यांत नवी भरती मंदावली होती.

घर, गाव आणि खानावळ

मुंबईत त्या काळी दर हजार पुरुषांमागे स्त्रिया साडेपाचशेच्या आसपासच होत्या. गिरणीतला बहुतेक पुरुष कुटुंब गावी ठेवून आलेला असे. गावाकडची जमीन थोडी, खाणारी तोंडे जास्त, म्हणून एक भाऊ मुंबईला आणि मनीऑर्डर घराला, ही कोकणातल्या घरांची व्यवस्था होती. गावी राहणारी बायको शेती, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळी. तिच्या कष्टांमुळेच गिरणीला कमी पगारात पुरुष मिळत होता, कारण त्या पगारात पूर्ण संसार मुंबईत चालवावा लागत नव्हता. गिरण्यांच्या रोजगाराचा हिशेब मांडताना ही बाई कोणत्याच मस्टरवर नसते, पण तिला वगळून तो हिशेब पुरा होत नाही.

मुंबईत ज्या बायका होत्या त्यांच्यापैकी अनेकींनी गिरणीबाहेर पण गिरणीच्याच जिवावर काम शोधले. एका खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या पुरुषांना जेवण लागे. खानावळवाली बाई महिन्याच्या बोलीवर दहा-पंधरा जणांचा स्वयंपाक करी. पगार झाला की तिचे पैसे आधी चुकते करायचे, असा संकेत होता. संप लांबला की तिचाही धंदा बुडे, तरी पुष्कळ खानावळवाल्यांनी संपकऱ्यांना उधारीवर जेवू घातले. संपाच्या ताकदीत या उधारीचा मोठा वाटा होता.

गिरणीत जाणाऱ्या बाईपुढे तान्ह्या मुलाचा प्रश्न असे. पाळणाघरे फारच थोड्या गिरण्यांत होती. शेजारणीकडे किंवा मोठ्या मुलीकडे मूल सोपवून जाताना ते झोपून राहावे म्हणून अफूमिश्रित बाळगोळी देण्याची चाल सर्रास होती. सरकारने नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला गिरणीतल्या बायकांची पाहणी केली, तेव्हा अशा घरांतल्या बहुसंख्य तान्ह्यांना ही गोळी दिली जाते असे आढळले. त्या आयांना दोष देणारे तेव्हाही पुष्कळ होते. पण नगावर मजुरी, घरी दुसरे कोणी नाही आणि गिरणीत मूल ठेवायला जागा नाही, या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की त्या बाईसमोर दुसरा कोणता मार्ग होता, हे सांगणे कठीण आहे.

चीनचा बाजार आणि नवी यंत्रे

रीलिंग खाते इतके मोठे झाले होते त्याचे कारण चीन. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईचे जाडेभरडे सूत गठ्ठ्यागठ्ठ्याने चीनला जाई, आणि सुताची लड उतरवणाऱ्या बायका लागत त्या या व्यापारासाठी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकानंतर जपानी सुताने हा बाजार खाल्ला, आणि युद्धानंतर चीनमधल्याच गिरण्यांनी, त्यांत जपानी मालकीच्या गिरण्याही होत्या, उरलेली मागणी भागवली. मुंबईच्या मालकांनी आपले सूत आपल्याच साच्यांवर विणायला सुरुवात केली. या बदलात साचेखाती वाढली, म्हणजे पुरुषांचे काम वाढले. लडी लागेनाशा झाल्या, म्हणजे बायकांचे काम घटले. या निर्णयात बायकांना काढण्याचा विचार कोणी केलेला नव्हता. तरी घाव त्यांच्यावरच पडला, कारण त्या एका ठरावीक खात्यात कोंडलेल्या होत्या.

दुसरा घाव यंत्रांचा. १९२६-२७ च्या टॅरिफ बोर्डाने मुंबईच्या गिरण्यांच्या अडचणींची चौकशी केली. जपानची स्पर्धा, १९२७ साली रुपयाचा एक शिलिंग सहा पेन्स असा ठरवलेला भाव, जुनी यंत्रे, वाढीव खर्च असे अनेक मुद्दे त्या काळी चर्चेत होते. मालकांनी यातून काढलेला मार्ग म्हणजे कामगारामागे जास्त यंत्रे. विणकराने दोनऐवजी तीन किंवा अधिक साचे चालवायचे, त्रासन खात्यात एकाने एकाऐवजी दोन बाजू सांभाळायच्या. ससून गटाच्या गिरण्यांनी यात पुढाकार घेतला. साचे आणि रिंग फ्रेम यांविषयी जे झाले त्यावर संप झाले, समित्या बसल्या, भाषणे झाली. वाइंडिंगमध्ये वेगाने चालणारी नवी यंत्रे बसवली गेली आणि पूर्वी कितीतरी जणींना लागणारे काम थोड्या जणींवर आले, त्याचा बोभाटा त्या मानाने कमी झाला.

जुन्या पद्धतीत अनेक गिरण्यांत नगावर काम करणाऱ्या बायकांना थोडी मोकळीक असे. घरचा स्वयंपाक आटोपून पाळी सुरू झाल्यानंतर आलेले चाले, संध्याकाळी थोडे लवकर निघता येई. मजुरी तेवढी कमी मिळे, पण नोकरी आणि चूल दोन्ही सांभाळता येत. नवे महागडे यंत्र बसले की ते रिकामे राहणे मालकाला परवडेना, आणि ही सैल वेळ बंद झाली. याकडे मी विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण कित्येक जणींना कोणी काढले नाही. वेळ जमेना म्हणून त्या स्वतःच सुटल्या, आणि कागदावर ती कपात दिसली नाही.

संपात बायका

१९२८ च्या एप्रिलअखेर जवळपास सर्व गिरण्या बंद पडल्या त्या ऑक्टोबरपर्यंत. याच संपाच्या काळात लाल बावट्याची गिरणी कामगार युनियन उभी राहिली. आळवे, कासले यांच्यासारखे गिरणीतून आलेले पुढारी आणि डांगे, मिरजकर, निंबकर, जोगळेकर यांच्यासारखे बाहेरचे कार्यकर्ते तिच्यात एकत्र आले. १९२९ च्या मार्चमध्ये मीरतच्या कम्युनिस्ट कटाच्या खटल्यासाठी यांतल्या अनेकांना पकडण्यात आले. अशा वेळी चळवळ टिकवणाऱ्यांत बायका पुढे होत्या. उषाताई डांगे यांनी गिरणीतल्या बायकांना संघटित केले, आणि १९३० च्या दशकात पार्वतीबाई भोर यांच्यासारख्या कार्यकर्त्या लालबाग-परळच्या चाळींतून तयार झाल्या. गेटावर उभे राहून कामावर जाणाऱ्यांना अडवण्यात बायका धीट होत्या. त्यांच्यावर हात टाकायला पोलीसही कचरत.

मागण्यांच्या यादीत मात्र पगारकपात, साच्यांची संख्या आणि खराब कापड विणकराच्या माथी मारण्याची पद्धत यांना जेवढी जागा होती, तेवढी वाइंडिंग आणि रीलिंगमधल्या कपातीला नव्हती. कामगारसंघाच्या डोळ्यांपुढचा कामगार हा विणकर होता. कुटुंब पोसण्याइतका पगार पुरुषाला मिळालाच पाहिजे, ही मागणी न्याय्यच होती. पण तिच्या पोटात बाईची नोकरी दुय्यम आहे हे गृहीतक होते, आणि बायका कमी होत असताना संघटनेने जोर न लावण्याचे तेही एक कारण म्हणावे लागेल.

बाळंतपणाचा कायदा आणि रातपाळीची बंदी

बाळंतपणाच्या काळात पगार मिळावा यासाठी कामगार पुढारी ना. म. जोशी यांनी मध्यवर्ती विधिमंडळात १९२४ साली विधेयक आणले होते, ते मंजूर झाले नाही. मुंबई विधिमंडळात आसवले यांनी आणलेल्या विधेयकावर २८ जुलै १९२८ रोजी डॉ. आंबेडकर बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलायला हवा; पण बायकांच्या श्रमाचा लाभ मालकाला मिळतो म्हणून त्यालाही यातून सुटता येणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. १९२९ साली कायदा झाला. देशातला या प्रकारचा तो पहिला. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर मिळून काही आठवडे रोज आठ आणे, असा भत्ता ठरला.

सरकारने भार उचलला नाही, तो सगळा मालकावर आला. याचा परिणाम आंबेडकरांच्या मांडणीचे महत्त्व दाखवतो : बाई कामावर ठेवणे हा मालकाच्या हिशेबात एक वेगळा खर्च ठरला, आणि खाते आटत असताना नवी बाई घ्यायची की नाही या प्रश्नाला आणखी एक नकारात्मक कारण मिळाले. कायदा चुकीचा होता असे यावरून कोणी म्हणू नये. त्याने हजारो बायकांना पहिल्यांदा हक्क म्हणून पैसे मिळवून दिले. चूक होती ती खर्चाच्या वाटणीत.

रातपाळीचे तसेच. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कारखान्यांत बायकांचे रात्रीचे काम बंद केले, १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तासांची आणि १९३४ च्या कायद्याने ५४ तासांची मर्यादा घातली. रात्रीचे काम थांबणे बायकांना हवेसे असणार, यात शंका नाही. पण १९३० च्या दशकात मंदीतून सावरताना अनेक गिरण्यांनी एका दिवसपाळीऐवजी दोन पाळ्या सुरू केल्या. रात्री चालणाऱ्या प्रत्येक यंत्रावर फक्त पुरुषच घेता येत होता, आणि दोन्ही पाळ्यांत आलटूनपालटून वापरता येईल असा कामगार मालकाला अधिक सोयीचा वाटू लागला. वाइंडिंगसारख्या बायकांच्या खात्यांतही पुरुषांना वाट मिळाली ती अशी.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्यांना मागणीची ददात उरली नाही. तीन-तीन पाळ्या चालू लागल्या आणि कामगारांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली. आधीच्या वर्षांत हातात काम नसल्याने गावाकडे परतलेले, बदलीच्या कार्डावर अडकलेले पुरुष त्यात सामावले गेले. बायकांचे एकूण कामगारांतले प्रमाण मात्र युद्धकाळातही घसरतच राहिले, कारण नव्याने निर्माण झालेल्या जागा साचेखात्यात, त्रासन खात्यात आणि रातपाळीत होत्या, आणि या तिन्ही ठिकाणांची दारे त्यांच्यासाठी आधीच्या दोन दशकांत बंद ठेवली गेली होती.